गोजरचा फेर

बारवेत पाणी पार तळाला गेलं होतं. घागर बुडत नव्हती. शेवटच्या पायरीवर उकिडवं बसून वाटीनं पाणी भरावं लागे, आणि घागर भरेस्तोवर पायांना मुंग्या येत. सत्यभामानं घागर भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर आधी गुडघ्यावर आणि तिथून डोक्यावर घेतली. मग एक हात भिंतीला लावत ती पायऱ्या चढू लागली.

वर काठावर पाळीची वाट बघत बसलेल्या बायांचं बोलणं थांबलं.

माघात लगीन होऊन ती जवळा बाजाराकडच्या आपल्या गावाहून या हिवरखेड्यात आली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. ती बारव चढू लागली की बाया गप होत. तिच्याकडे बघत, पण तोंडाकडे नाही, पायांकडे. अर्ध्या वाटेवर एक पायरी खचून बाहेरच्या अंगाला कलली होती. तिथं तिचा पाय पडला की एखादी तरी पदराचा बोळा तोंडाशी नेई.

"हळू ये गं," वरून शकुबाई म्हणाली. शकुबाईचं घर त्यांच्या घराला लागून होतं, भिंत एकच होती.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "चाल बी तशीच हाय."

सत्यभामानं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. कुणासारखी, ते विचारायची गरज नव्हती. त्या कललेल्या पायरीवरून गेल्या भादव्यात गोजर पडली होती. गोजर म्हणजे मल्हारीची पहिली बायको. तेव्हाही पाऊस असाच ओढ देऊन बसला होता, पाणी असंच तळाला होतं. डोकं दगडावर आपटलं, जागीच गेली. शकुबाई पाण्याला आली तेव्हा घागर खालच्या डबक्यात तरंगत होती. पोटुशी बाई, पाय घसरला, असं गाव सांगे. त्याहून जास्त कुणी सांगत नसे.

सत्यभामाच्या अंगावर लुगडंही गोजरचंच होतं. सातासमुद्रापार चाललेल्या लढाईमुळं कापड मिळत नव्हतं. गोरेगावच्या बाजारात धोतरजोडीसाठी माणसं पहाटेपासून रांगा लावत आणि रिकाम्या हातानं परत येत. तिची दोन्ही लुगडी विरली, तेव्हा सासूनं, यशोदाबाईनं, पेटी उघडून हिरवं लुगडं तिच्या अंगावर टाकलं होतं. "नेस. ठेवून काय कसर खाऊ द्यायची?" लुगड्याला गुडघ्यापाशी काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं घातलेले टाके होते. टाके बारीक होते, जवळजवळ होते. घालणारीला घाई नसल्यासारखे.

आणि गळ्यात टाक होता, सवतीचा. दुसरेपणावर आलेल्या बाईनं घालायचाच असतो. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एक बाई, हात दोन्ही बाजूला सोडलेली. सोनारानं नाक-डोळे काढले नव्हते. वाकून झाडताना तो टाक पुढं लोंबे आणि हनुवटीला लागे. थंड लागे.

घरी आल्यावर तिनं घागर रांजणात ओतली. रांजणाच्या तळाचं पाणी थोडं वर आलं, एवढंच. ओसरीवर सासरा लिंबाजी चातीवर लोकर कातत बसला होता. त्याला दम्याची धाप होती. तो फारसा बोलत नसे, चाती फिरवत राही. मल्हारी मेंढरं घेऊन आषाढातच पैनगंगेच्या बाजूला चारणीला गेला होता. इकडं माळावर गवताची काडी नव्हती.

"येवढा येळ?" यशोदाबाई आतून म्हणाली.

"पाणी झिरपंना, आत्याबाई."

"अजून दोन खेपा कर. शेळ्याला बी लागंल."

सत्यभामा उंबऱ्याला टेकून उभी राहिली. पोट आता लुगड्याच्या ओच्यातून दिसू लागलं होतं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. या घरात बाया शेवटी जेवत, आणि शेवटी जे उरे ते दोघींत वाटून घ्यायचं असे.

"आत्याबाई, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली," ती म्हणाली.

चुलीपाशी काहीतरी थांबलं. यशोदाबाईच्या हातातला उलथना तव्यावर होता, तो तिथंच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला. मग ती एकदम मोठ्यानं बोलली.

"माह्या वक्ताला मी पोट घेऊन ह्याच बारवेतून पाणी आणलं. आमी काय पालखीत बसून गेलो व्हतो? जा."

सत्यभामानं घागर उचलली.

*

पंचमी जवळ आली तशी गावात माहेरवाशिणी यायला लागल्या. दिवेलागणीच्या आधी, कामं उरकली की बाया मारुतीच्या पारापुढं जमत आणि फेर धरत. पाऊस नव्हता, माती भुरभुरत होती, फेर धरला की धुरळा गुडघ्यापर्यंत चढे. पण पंचमी होती. हात हातात घ्यायचे, दोन पावलं पुढं, वाकायचं, एक मागं. सत्यभामाच्या माहेरीही असाच फेर होता, पावलं जरा वेगळी. त्या तासाभरात तिला आपण कुठं आहोत याचा विसर पडे.

एका संध्याकाळी गाणं संपलं आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी एक नुकतीच आलेली माहेरवाशीण मधे शिरली. डोक्यावर घागर असल्यासारखा तिनं एक हात वर धरला, दुसरा कमरेवर ठेवला आणि पाय तिरका टाकत निघाली. दोघी-तिघींचे हात टाळीसाठी आपोआप वर आले.

"ए!" शकुबाई ओरडली. "त्यो न्हाई."

"काहून? गेल्या पंचमीला तर..."

"त्यो न्हाई म्हणलं ना."

पोरगीनं इकडंतिकडं बघितलं. तिची नजर सत्यभामाच्या हिरव्या लुगड्यावर गेली आणि तिचा हात खाली आला. मग कुणीतरी घाईनं दुसरंच गाणं धरलं, पण ते कुणाच्या तोंडात बसेना. बाया लवकर पांगल्या.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा आणि शकुबाई लिंबाजीच्या कपाशीत खुरपत होत्या. कपाशी वीतभर वाढून थांबली होती. खुरपं जमिनीत जात नव्हतं, नुसतं वाजत होतं. सत्यभामानं मान वर न करता विचारलं, "काल त्या पोरीनं काय धरलं व्हतं?"

शकुबाईनं दोन-तीन तणं उपटली. "गोजरचा फेर."

"म्हणजे?"

"तिचा तिनं बसवलेला. त्याला गाणं न्हाई, नुसती टाळी. गेल्या पंचमीला तिनंच पहिल्यांदा धरला." शकुबाईनं खुरपं मातीत रोवलं. "लई नाचायची. सरपण आणताना बी पाय गप नसायचे तिचे. मी म्हणलं, गोजरे, फेराला गाणं नको का? तर म्हणती, तोंडानं सांगितलं की चुगली व्हती, घरी जाती. पायानं सांगितलं तर कोणाला कळतंय?"

"काय सांगायची?"

"सगळंच. तिचा दिवस."

"मला दाखव, शकुमाय."

"येडी झाली का तू?"

"मी तिचं लुगडं नेसते. तिचा टाक घालते. पहिला घास तिच्या नावानं मी काढून ठेवते, आन् ती कशी व्हती हे मला कोणीच सांगत न्हाई. बारवेत तुमी समद्या माह्या पायाकडं बघता. मग माह्या पायाला तरी कळू द्या."

शकुबाईनं आजूबाजूच्या शेतांवर नजर फिरवली. लांब एका शेतात कुणीतरी बैलाला हाका मारत होतं. मग ती उठली, गुडघे झाडले, आणि कपाशीच्या दोन ओळींमधल्या वाटेवर उभी राहिली. जाड, पन्नाशीला टेकलेली बाई. तिनं एक हात डोक्यावर धरला आणि तिचं अंग एकदम हलकं झालं.

आधी जातं आलं. उभ्यानंच, कमरेतून गोल फिरत, एक पाय पुढं. मग बारव उतरणं. टाचा आधी टेकवत, अंग मागं रेलून. मग खाली बसणं आणि वाटीनं पाणी भरणं, मनगटाचा तेवढाच छोटा झटका, पुन्हा पुन्हा. मग चढणं. मग शकुबाईनं एकदम मान ताठ केली, हनुवटी वर, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट नाचवत दोन पावलं टाकली. ती हुबेहूब यशोदाबाई झाली होती. सत्यभामाला हसू आलं. शकुबाईही हसली.

"इथं बाया लोळायच्या हसून," ती म्हणाली. मग तिनं गोजरसारखं ताट पुढं ओढलं, रिकाम्या ताटात बोट फिरवून बोट चाटलं. मग परत घागर. परत बारव.

"आन् हे शेवटचं." शकुबाईनं दोन पावलं चढल्यासारखी टाकली, मग तिचा एक हात कमरेच्या मागं गेला, दुसरा कपाळावर, आणि ती डावीकडं झोकांडली, सावरली, उजवीकडं झोकांडली. "ही दारुड्याची नक्कल. आपला तातेराव पिऊन येतो ना बाजारातून, तसा. हिच्यावर तर लई टाळ्या पडल्या. समद्या म्हणल्या, गोजरे, पुन्ना कर. तिनं पुन्ना केलं."

*

सत्यभामा फेर शिकली. कुणाला सांगितलं नाही. शेळ्या घेऊन माळावर गेली की बाभळीच्या आड ती एकटी तो करी. जातं, बारव, वाटी, सासू, ताट. शेवटचा भाग तिला जमत नसे. तातेराव तिनं बघितला होता. दारू प्यालेला माणूस सैल चालतो, हात सोडून चालतो. त्याचा एक हात कमरेच्या मागं कशाला जाईल?

ते तिला बारवेत कळलं. दुपार होती, काठावर कुणी नव्हतं. भरली घागर घेऊन ती वर चढत होती आणि कललेल्या पायरीच्या खाली दोन पायऱ्यांवर असताना उजेड एकदम पांढरा झाला, मग काळा. कानात घूं घूं झालं. कमरेतून कळ आली आणि तिचा हात आपसूक मागं गेला. दुसरा हात घागर सोडून कपाळावर आला. घागर गेली. ती पायऱ्यांवरून वाजत वाजत खाली गेली आणि बारवेच्या भिंतींनी तो आवाज कितीतरी वेळ धरून ठेवला. सत्यभामा डावीकडं झोकांडली. भिंत हाताला लागली. ती भिंतीला पाठ लावून खाली सरकली आणि बसून राहिली.

डोळ्यांपुढचं परत जागेवर आलं तेव्हा तिनं आपले हात बघितले. एक कमरेच्या मागं होता. एक कपाळावर.

ती तशीच शकुबाईच्या दारात गेली. शकुबाई डाळ निवडत होती.

"शकुमाय, ती तातेरावची नक्कल नव्हती."

"कोणती?"

"ती घेरी व्हती." सत्यभामानं उंबऱ्यात उभं राहून हात दाखवले. "तिला घेरी येत व्हती. पोट व्हतं तिला तव्हा. तिनं तुमाला दाखवलं. दोनदा दाखवलं."

शकुबाईच्या मांडीवरचं सूप कललं आणि डाळ जमिनीवर ओघळली. तिनं ती गोळा केली नाही. "तिनं आमच्या तोंडाकडं बघितलं व्हतं," ती म्हणाली. "पुन्ना केलं तव्हा. आमी टाळ्या वाजवून राहिलो व्हतो. मग ती बी हसली."

घागरीला पोचा पडला होता. यशोदाबाईनं तो बघितला. तिनं पोच्यावरून अंगठा फिरवला आणि घागर पालथी ठेवली. तिसऱ्या प्रहरी पुन्हा तीच घागर सत्यभामाच्या हातात दिली. देताना तिनं तिच्याकडं बघितलं नाही.

*

पंचमीच्या दिवशी बाया वारुळाला गेल्या. लाह्या, दूध, आघाडा. दूध थोडंच होतं, वारुळाच्या कोरड्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. ऊन कलल्यावर पारापुढं फेर धरला गेला. माहेरवाशिणी, सासुरवाशिणी, म्हाताऱ्या, सगळ्या होत्या. यशोदाबाई पाराच्या कडेला इतर सासवांबरोबर बसली होती. पुरुष चावडीकडं होते. या जागी त्या दिवशी ते येत नसत.

दोन गाणी झाली. तिसरं सुरू व्हायच्या आत सत्यभामा मधे गेली. हिरवं लुगडं, डोक्यावर धरलेला हात. धुरळा अजून खाली बसायचा होता.

शकुबाईनं टाळी धरली, एकटीनं. मग दुसरीनं. मग सगळ्यांच्या हातांना ती ठेक्यासकट आठवली.

सत्यभामानं जातं फिरवलं. ती बारव उतरली. वाटी भरली. तिचं शरीर जड होतं, गोजरसारखं हलकं नव्हतं, पण पावलं तीच होती आणि बायांना ती ओळखू येत होती. ती सासू झाली तेव्हा कुणी हसलं नाही. पारावर यशोदाबाईची पाठ ताठ झाली. ताटात बोट फिरलं. परत बारव. मग सत्यभामा दोन पावलं चढली, आणि एक हात कमरेच्या मागं, एक कपाळावर, आणि ती झोकांडली.

टाळ्या थांबल्या.

"गोजर!" कुणीतरी किंचाळलं. "गोजर आली अंगात!"

दोघी-तिघी मागं सरल्या. एकीनं लेकराला उचलून छातीशी दाबलं. एक म्हातारी "हळद आना, कुकू आना" म्हणत उठली. सत्यभामा तिथंच उभी होती, हात तसेच. यशोदाबाई पारावरून उतरली. ती चालत आली ते पाय ओढत, आणि चार पावलांवर येऊन थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"गोजरे," ती म्हणाली. तिचा आवाज कुणी असा ऐकला नव्हता. "तू सकाळी म्हणली व्हती मला. अंधारी येऊन राहिली म्हणली. मी म्हणलं, नखरे नको करू. मी तुला जा म्हणलं. म्हणलं व्हतं मी. आता तू सांग, काय करू? तू मला माफ केलं म्हणून सांग. येकदा सांग गं बाई."

सगळा घोळका सत्यभामाकडं बघत होता. ती हो म्हणाली असती तर झालं असतं. हळदकुंकू लावून, ओटी भरून, गोजर निघून गेली असती आणि यशोदाबाई त्या रात्री झोपली असती. सत्यभामाला ते कळत होतं. तिनं हात खाली घेतले.

"आत्याबाई, मी गोजर न्हाई," ती म्हणाली. "कोणी आलं न्हाई माह्या अंगात. मी सत्यभामाच हाय. मला तिचे पाय तेवढे आले. तिचं तोंड मला कुठून यील? तिच्याकडून मी काय सांगू?"

यशोदाबाई एक पाऊल मागं सरली.

"माहं सांगते," सत्यभामा म्हणाली. "मला बी अंधारी येऊन राहिली. त्याच पायरीपाशी. तोंडानं सांगितलं तुमाला. तुमी जा म्हणल्या."

मग तिनं पुन्हा डोक्यावर हात धरला. ती पुन्हा उतरली आणि पुन्हा चढू लागली. आता टाळी नव्हती. तिच्या पावलांचाच आवाज होता, आणि धाप. हात कमरेच्या मागं गेला. हात कपाळावर आला. ती डावीकडं झोकांडली, आणि या खेपेला ते खोटं होतं की खरं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

यशोदाबाईनं तिला कोपरापाशी धरलं. घट्ट, दोन्ही हातांनी, बोटं रुतेपर्यंत. दोघी तशाच उभ्या राहिल्या. यशोदाबाईनं सोडलं नाही. शकुबाईनं पुढं होऊन दुसऱ्या बाजूनं धरलं. हळद आणायला निघालेली म्हातारी अर्ध्या वाटेवर थांबून बघत होती.

त्या दिवशी पुढं फेर झाला नाही. पण सकाळी सत्यभामा बारवेवर गेली, तेव्हा शकुबाई कललेल्या पायरीवर बसलेली होती, तिच्या खाली आणखी कुणीतरी, तिच्या वर आणखी. "तू वरच थांब," शकुबाई म्हणाली. घागरी हातोहात वर यायला लागल्या. सगळ्यात खाली, तळाशी, वाटीनं पाणी भरत यशोदाबाई बसली होती. वरून तिचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. ती वर बघत नव्हती. पुढं कितीतरी दिवस ती घरात कुणाशी बोलली नाही. ताट मात्र ती सत्यभामापुढं आधी ठेवू लागली, आणि आपण भिंतीकडं तोंड करून जेवू लागली. कधी कधी झोपेत "जा, जा" म्हणून ओरडे. लिंबाजी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवी आणि धाप लागेपर्यंत तसाच बसे.

*

मल्हारी भादव्यात परत आला. मधल्या काळात पाऊस झाला होता, पुरेसा नाही, पण माळ हिरवा झाला होता. मेंढरं वाड्यात कोंडून तो ओसरीवर आला, काठी भिंतीला लावली, घोंगडं खाली टाकलं. सत्यभामानं पाणी दिलं. त्यानं तोंडही धुतलं नाही.

"नरसीला भेटला एक आपल्यातला," तो म्हणाला. "म्हणला, तुह्या बायकोनं तुह्या घराचं समदं चवाट्यावर नाचवलं. खरं हाय?"

"व्हय."

"काहून?"

"बोलून कोणी ऐकंना."

"मेलेल्या माणसाला नाचवतेस?"

"ती मेलेली नव्हती तव्हाच नाचली व्हती," सत्यभामा म्हणाली. "मी निस्ती शिकले."

लिंबाजीची चाती थांबली. आत यशोदाबाईच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मल्हारीनं तोंडावरून हात फिरवला. तो रागावला होता, पण राग त्याला धरून ठेवता येत नव्हता.

"मला दाखव," तो म्हणाला.

"इथं?"

"इथंच. काय नाचली ती, मला बघायचं हाय."

अंगणात लख्ख ऊन होतं. सत्यभामाचं पोट आता चांगलं पुढं आलं होतं. तिनं पदर खोचला आणि सावकाश सुरू केलं. जातं. उतरणं. वाटी. मल्हारी गुडघ्यावर हात ठेवून बघत होता. सासूपाशी त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. ताटापाशी त्यानं खाली बघितलं. शेवटी तिचा हात कमरेमागं गेला, दुसरा कपाळावर, आणि ती झोकांडली.

मल्हारी उभा राहिला.

"हे," तो म्हणाला. "हे कव्हा केलं तिनं?"

"गेल्या पंचमीला. बायांना वाटलं, दारुड्याची नक्कल."

मल्हारीनं ओसरीचा खांब धरला.

"मी पंचमीनंतर मेंढरं घेऊन निघालो," तो म्हणाला. "ती शिवंपर्यंत आली व्हती. मी पुढं गेलो आन् वळून बघितलं, तर ती बांधावर उभी राहून हेच करून राहिली व्हती. बराबर हेच. हात मागं, हात कपाळावर. इकडं झोका, तिकडं झोका. मग ती खाली बसली. आन् मी हसलो. नाचरी व्हतीच ना ती. मला वाटलं, मला हसवायला नाचून राहिली. मी वरडलो, बस कर येडे, लोकं बघतेत. आन् गेलो." त्यानं शिवेकडं हात केला. "ती बांधावर बसूनच व्हती. मी वळणावरून अजून येकदा बघितलं. बसूनच व्हती. मला वाटलं, रुसली."

ऊन अंगणात तसंच होतं. वाड्यातलं एक कोकरू ओरडत होतं, त्याची आई दुसऱ्या बाजूनं ओरडत होती.

"माह्या सपनात ती बांधावरच बसलेली असती," मल्हारी म्हणाला. "मी कव्हाच माघारी जात न्हाई. सपनात बी न्हाई."

त्या साली तो पुन्हा चारणीला गेला नाही. मेंढरं चुलतभावाबरोबर पाठवली. पुसात सत्यभामाला मुलगी झाली. बायांनी सुचवलं, गोजर नाव ठेवा. यशोदाबाई नको म्हणाली, पोरीवर कशाला ते ओझं. दुसरंच नाव ठेवलं. गोजरचा फेर मात्र हिवरखेड्यात राहिला. दर पंचमीला तो होतो. शेवटी जी झोकांडते तिला दोघींनी धरायचं असतं, आणि नव्या पोरींना तसंच शिकवतात. धरल्याशिवाय तो फेर सोडत नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अंगणात मल्हारी पुढं आला होता आणि सत्यभामासमोर उभा राहिला होता. मेंढरं धरून घट्टे पडलेले हात त्यानं पुढं केले. ते कुठं न्यावेत हे त्याला कळत नव्हतं.

"येकदा पुन्ना कर," तो म्हणाला. "आन् धरायचं कुठं, ते सांग."

"कोपरापाशी," सत्यभामा म्हणाली, आणि तिनं डोक्यावर हात धरला.